मागू नये अशी टेप

वॉरिक पेंडर टाळ्या वाजवत नाही. लग्नात नाही, वाढदिवसाला नाही, भाचीला पोहण्याचं बक्षीस मिळालं तेव्हाही नाही. भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. पण त्याला इलाज नव्हता. हात एकमेकांजवळ यायचे आणि तिथेच थांबायचे.

ही सवय त्याला 'टिन व्हरांडा'मुळे लागली. हा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या किनाऱ्यावरचा बँड. सुरू झाला तेव्हा चौघांचेही केस खांद्यापर्यंत होते. आज गायक रस अडुसष्टचा आहे, त्याचे दोन्ही गुडघे बदललेत आणि टोपी काढायच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. वॉरिकने त्यांचे दोनशे अकरा कार्यक्रम ऐकले आणि ते सगळे चोरून टेप केले. मायक्रोफोन कोटाच्या कॉलरमध्ये शिवलेला, यंत्र आतल्या खिशात. अशा माणसाने टाळी वाजवली तर टेपवर ती बंदूक उडाल्यासारखी येते. गुणगुणायचं नाही, शिट्टी मारायची नाही, खोकला आला तर गिळायचा. आजूबाजूला माणसं नाचतायत, बिअर सांडतायत, आणि हा भिंतीला टेकून अंत्ययात्रेला आल्यासारखा उभा. पबचे दरवान त्याला साध्या वेशातला पोलीस समजायचे.

मला हे ठाऊक आहे, कारण मीही त्याच पंथातली. सव्वीस वर्षं मी वोलोंगाँगला बस चालवली, आणि माझ्याकडे टिन व्हरांडाचे नव्वद कार्यक्रम आहेत. त्यातले मी स्वतः भरलेले फक्त चौदा. बाकीचे अदलाबदलीतून आले.

आमच्यात टेप विकत नाहीत. विकणाऱ्याला आम्ही दारात उभं करत नाही. कोरी टेप आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाकिटात घालून पाठवायची, समोरचा नक्कल करून परत धाडतो. म्हणून प्रत्येकाची एक टंकलेली यादी असते. तारीख, जागा, किती मिनिटं, दर्जा अ की ब की क, आणि शेवटी दोष. दोष प्रामाणिकपणे लिहायचे. 'दुसऱ्या गाण्यात मायक्रोफोनजवळ नवरा-बायको भांडतात.' 'टेप उलटताना चौथ्या गाण्याचं अर्धं मिनिट गेलं.' माणूस घरी खोटं बोलला तर बोलला, यादीत बोलायचं नाही. आणि यादीत जे आहे ते मागितलं की द्यायचं.

वॉरिकची यादी सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत स्वच्छ. फक्त एका ओळीने तिच्यावर डाग पडला होता.

'१७ ऑगस्ट १९८४, ब्लू अँकर, पोर्ट केंब्ला. ऐंशी मिनिटं. मागू नये.'

बस. दर्जा नाही, दोष नाहीत. मागू नये!

आता ही साधीसुधी रात्र असती तर कुणी विचारलंही नसतं. पण त्या दिवशी दुपारी बँडचा ड्रमर शिंपले खाऊन आडवा झाला होता. ब्लू अँकर पब खच्चून भरणार, तिकिटं विकली गेलेली. तेव्हा कुणीतरी लू त्रायकोव्स्कीचं नाव सुचवलं. लू पोलाद कारखान्यात, पत्रे लाटायच्या खात्यात. मॅसेडोनियाहून आलेला माणूस, शनिवारी आपल्या लोकांच्या लग्नांत ड्रम वाजवायचा. सहाच्या पाळीहून घरी येऊन तो आंघोळ करत होता, तिथून त्याला उचलून नेला. ओल्या केसांनी तो त्या रात्री टिन व्हरांडाबरोबर बसला. आयुष्यात एकदाच. दुसऱ्या दिवशी ड्रमर बरा झाला आणि लू परत पत्र्यांकडे गेला.

त्या रात्री तिथे यंत्र घेऊन आलेला माणूस एकच होता, तो म्हणजे वॉरिक. तोही त्याच कारखान्यात, लूच्याच पाळीला.

पर्थपासून डनीडिनपर्यंत लोकांनी ती टेप मागितली. एकाने बदल्यात पंचवीस टेपा देऊ केल्या. मी होबार्टचा एकोणऐंशीचा कार्यक्रम देऊ केला, जो माझ्याशिवाय तिघांकडेच होता. उत्तर एकच: 'माफ कर, मागू नये.' मग लोक चिडले. आमची एक झेरॉक्स काढलेली पत्रिका निघायची. तिच्यात मी माझ्या नावानिशी लिहिलं, 'वॉरिक पेंडर मेल्यावर त्याच्या शवपेटीत ती टेप ठेवा, म्हणजे किड्यांना तरी ऐकता येईल.' ते खूप गाजलं. मला त्याचा अभिमानही होता, आता लपवून काय करू. वॉरिकने मला पुढच्या नाताळला नेहमीसारखं कार्ड पाठवलं.

तो कंजूष म्हणून असा बत्तीस वर्षं नांदला.

मग दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत विओलेता माझ्या दारात आली. लूची मुलगी. शाळेत असताना ती माझ्याच बसने जायची, पुढच्या सीटवर बसून पाढे म्हणायची. आता स्वतःच शिक्षिका आहे.

"बेव्ह, तुम्ही वॉरिक पेंडरला ओळखता ना?"

"ओळखते म्हणजे? त्याला शिव्या देऊन देऊन माझे दात पडले."

"बाबा सहा मार्चला सत्तरचे होतील. मला ती टेप हवीय. मी तेव्हा चार वर्षांची होते. त्यांना त्या बँडबरोबर वाजवताना मी ऐकलंच नाही हो. आणि आता बाबांचे हात... ड्रम विकले त्यांनी. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतात."

मी गाडीची किल्ली उचलली. म्हटलं, आता बघते कसा नाही म्हणतो ते.

वॉरिकने दार उघडलं, विओलेताला पाहिलं, आणि तिने लूचं नाव घेतल्याबरोबर त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. तिने मला सांगितलं होतं तेच सगळं त्यालाही सांगितलं. हातांचंही. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिला.

"रविवारी," तो म्हणाला. "वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी ये."

विओलेताने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. त्याने हात सोडवून घेतला. मला ते आवडलं नाही. तिला घरी सोडलं आणि मी उलट्या पावली परत आले.

"रविवारी काय रे? रविवारी काय घर सोडून पळणार आहेस?"

"बेव्ह, आत ये. ओरडू नको."

"मी ओरडणार! म्हाताऱ्या बापाला त्याचंच वाजवलेलं ऐकायला नको म्हणतोस? इतका कसा रे तू दगड?"

तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे त्याच्या टेपा तारखेवार लावलेल्या. त्याने न शोधता हात घातला आणि ती काढली. लेबलावर त्याचं सुबक अक्षर, जागा, तारीख, चौदा गाण्यांची नावं, आणि 'ड्रम: लू त्रायकोव्स्की'. टेपच्या पाठीवरच्या दोन्ही खुंट्या तोडलेल्या. त्या तोडल्या की टेपवर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. आम्ही हे कार्यक्रम संपल्याबरोबर करतो, घरी पोचायचीही वाट पाहत नाही.

"लाव," तो म्हणाला.

मी लावली. काही नाही. आवाज वाढवला. फक्त सूं असा कोऱ्या टेपचा आवाज. दुसरी बाजू लावली. तेच.

"पुसली?"

"भरलीच नव्हती."

मग त्याने सांगितलं. बँड येण्यापूर्वी रेकॉर्डचं बटण दाबून ठेवायचं आणि वर पॉझ लावायचा, म्हणजे टेप वाया जात नाही. दिवे गेले की अंधारात बोटाने पॉझ काढायचा. हे त्याने तोपर्यंत साठएक वेळा केलं होतं. पण त्या रात्री दिवे गेले, पुन्हा आले, आणि ड्रमच्या मागे लू! सकाळी ज्याच्याबरोबर डबा खाल्ला तो लू, ओल्या केसांचा. "मी बघतच राहिलो गं," वॉरिक म्हणाला. "मला वाटलं, अरे, हा तर आपला माणूस." आणि बोट पॉझवर गेलंच नाही. चव्वेचाळीस मिनिटांनी त्याने घड्याळ पाहून, खिशातच चाचपून टेप उलटली, पुन्हा रेकॉर्ड दाबलं. पॉझ दाबलेला तो दाबलेलाच. गाडीत बसून त्याने खुंट्या तोडल्या, लेबल लिहिलं, घरी येऊन ऐकली.

"मग सांगायचं ना तेव्हाच!"

"सोमवारी लू भेटला. चहाच्या खोलीत वीस माणसं होती. त्याने विचारलं, 'मिळालं का रे?' मी म्हटलं, मिळालं." वॉरिकने चष्मा पुसला. "एकदा मिळालं म्हटल्यावर यादीत लिहावं लागलं. यादीत लिहिल्यावर लोक मागायला लागले."

"त्यापेक्षा कंजूष म्हणवून घेतलंस? माझं ते शवपेटीचं वाचूनसुद्धा?"

"ते छान लिहिलं होतंस. पण बेव्ह, पॉझ काढायला विसरला म्हटलं असतं तर माझी एकही टेप कुणी मागितली नसती."

मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. इतकी वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच. पण विओलेताचं काय? तिला मी स्वतः इथे आणलं होतं. मी त्याला म्हटलं, तिला नंतर सांग, आधी लूला सांग, त्याचा हक्क आहे. तो म्हणाला, लू मला तोंडही दाखवू देणार नाही. बाकीच्या जगाने कंजूष म्हटलं याची त्याला फिकीर नव्हती हो. पण अठरा वर्षं ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याच्यासमोर खोटा ठरायचं, याने त्याची पाचावर धारण बसली होती. तो आठवडाभर टाळत राहिला. रोज सकाळी मी फोन करायचे, रोज तो म्हणायचा, उद्या. ठरलेला रविवारही त्याने विओलेताला काहीतरी सबब सांगून घालवला. असं करता करता वाढदिवसच उजाडला.

तोही रविवारच होता. विओलेताला मी कळवलं की आम्ही दोघं सकाळीच येतो, जेवणाला पाहुणे यायच्या आत. तिला वाटलं, टेप आणतायत. मी काही बोलले नाही, ही माझी चूक.

लूचं घर वॉरावाँगला आहे, पुढे टोमॅटो, मागे मिरच्या. त्याच्या बायकोने, स्लाव्काने, आमच्यासमोर चीज भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक आणि कॉफी ठेवली. लू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला होता, चांगला सदरा घालून. वॉरिकला पाहून तो उठायला लागला.

"बस, बस. लू, मला तुला एक सांगायचंय. त्या ब्लू अँकरच्या टेपचं."

"थांब," लू म्हणाला. "आधी मी बोलणार. आज माझा दिवस आहे."

त्याने कप दोन्ही हातांनी धरला, खाली ठेवला.

"मी त्या रात्री घाण वाजवलं, वॉरिक. तिसऱ्या गाण्यात मोजणी सुटली. सगळा बँड वळून बघायला लागला. गाता गाता रसने डोळे वटारले ते अजून दिसतात मला. मला वाटलं, झालं, आता ही टेप अख्ख्या ऑस्ट्रेलियात फिरणार, लोक म्हणणार लग्नातला ड्रमर तो लग्नातलाच. आणि तू कुणाला दिली नाहीस. लोकांनी तुला काय काय म्हटलं, मला सगळं कळत होतं. ही बाई तर..." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "पण तू तोंड उघडलं नाहीस. माझी अब्रू राखलीस. बत्तीस वर्षं मी तुला हे बोललो नाही. आज बोलतो. देव तुझं भलं करो."

स्लाव्काने पदर नसल्यामुळे ओट्यावरच्या फडक्याने डोळे टिपले.

मी टेबलाखालून वॉरिकच्या नडगीवर लाथ मारली. गप्प बस, असा तिचा अर्थ. मीच त्याला खरं बोलायला आठवडाभर छळलं होतं, आणि आता मलाच वाटत होतं की कशाला? म्हातारा खूश आहे, तूही सुटलास, बुरेक खा आणि चल घरी. कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

वॉरिकने पाय बाजूला घेतला.

"लू, मी काही राखलं नाही. मी पॉझ काढायला विसरलो. टेपवर काहीच नाही."

विओलेता दारात उभी होती, हातात ताटल्या.

"काहीच नाही?" लूने विचारलं.

"काही नाही."

"एखादं गाणं? शेवटचं? लोक ओरडत होते ते तरी?"

"नाही रे. तू दिसलास आणि माझं भानच गेलं. माफ कर."

मला वाटलं होतं, लू हसेल. नाहीतर शिव्या देईल. तो तर कोसळलाच जसा. खुर्चीतच एवढासा झाला. "मला वाटायचं," तो हळू म्हणाला, "वाईट तर वाईट, पण कुठेतरी आहे. वॉरिकच्या कपाटात आहे. मी मेलो तरी आहे." विओलेताने माझ्याकडे असं पाहिलं की मी बुरेकच्या ताटलीत बघत बसले.

वॉरिकने खिशातून टेप काढून टेबलावर ठेवली. का काढली कुणास ठाऊक; पुरावा म्हणून असेल. लूने ती उचलली, लांब धरून लेबल वाचायला लागला. गाण्यांची नावं वाचताना त्याचे ओठ हलत होते. तिसऱ्या नावाशी थांबला.

"हेच ते डुक्कर गाणं," तो म्हणाला.

त्याचं बोट टेबलावर वाजायला लागलं. मग दुसरं. मग त्याने स्लाव्काला त्यांच्या भाषेत काहीतरी फर्मावलं. ती म्हणाली, वेडा झालास का, पाहुणे यायचेत. तो पुन्हा ओरडला. तिने मिरच्या भाजायचं मोठं पातेलं आणून आदळलं, दोन झाकणं, आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. विओलेता गॅरेजमध्ये धावली आणि काठ्या घेऊन आली. ड्रम विकले होते, पण काठ्या विकल्या नव्हत्या.

"यंत्र आहे?" लूने विचारलं.

वॉरिकचं यंत्र गाडीत असतंच. तो दाढीचं सामान विसरेल, यंत्र नाही. कोरी टेप मात्र नव्हती. "हीच घे की," लू म्हणाला. "कोरीच आहे ना?" पण खुंट्या तोडलेल्या होत्या. तेव्हा स्लाव्काने जखमेला लावायची पट्टी दिली, वॉरिकने तिचे दोन तुकडे कापून खुंट्यांच्या भोकांवर चिकटवले, म्हणजे टेप पुन्हा भरता येते, रेकॉर्ड दाबलं, आणि पॉझ बघितला. पुन्हा बघितला. मग मला म्हणाला, "बेव्ह, तू बघ."

मी वाकून पाहिलं. चाकं फिरत होती.

लूने लेबल समोर टेकवून पहिल्यापासून सुरुवात केली. शब्द त्याला अर्धेच येत होते, उरलेले तो नाकातून म्हणत होता. डावा हात मध्येच थरथरायचा, मग झाकण जास्तीचं वाजायचं. तिसऱ्या गाण्यात मोजणी पुन्हा सुटली. मुद्दाम का आपोआप, मी विचारलं नाही. पण लूने रससारखे डोळे वटारले आणि विओलेता हसता हसता रडायला लागली. चौदा गाणी काही झाली नाहीत. नऊ झाली. मग काठी हातातून निसटून सिंकमध्ये गेली आणि तो म्हणाला, "बास. संपलं."

वॉरिक भिंतीला टेकून उभा होता, नेहमीसारखा. अडतीस मिनिटांत त्याने श्वास तरी घेतला की नाही, देव जाणे.

त्याची नवी यादी पंधरा दिवसांनी सगळ्यांना पोचली. पर्थला, डनीडिनला, मला. जुन्या ओळीच्या जागी लिहिलं होतं: '१७ ऑगस्ट १९८४, ब्लू अँकर. टेप नाही. पॉझ काढायला विसरलो. बत्तीस वर्षं खोटं लिहिलं, माफी असावी.' मला भीती होती की लोक त्याला सोडणार नाहीत. पण त्या महिन्यात वॉरिककडे एकेचाळीस कोऱ्या टेपा आल्या, परतीच्या तिकिटांसकट, आणि त्या सगळ्या यादीतल्या शेवटच्या ओळीसाठी होत्या:

'६ मार्च २०१६, त्रायकोव्स्कींचं स्वयंपाकघर, वॉरावाँग. अडतीस मिनिटं. ड्रम: लू त्रायकोव्स्की. दर्जा अ. दोष: तिसऱ्या गाण्यात मोजणी सुटते. शेवटी मायक्रोफोनजवळचा माणूस टाळ्या वाजवतो, बराच वेळ.'